नाशिकमध्ये ऋतूप्रमाणे बारा महिने वाचायचं असेल तर: काय, कधी आणि कुठून मिळवायचं

कोणी नोकरीसाठी सातपूर-अंबडला आलेलं असतं, कोणी कॉलेजसाठी गंगापूर रोडला खोली घेतलेली असते, कोणी निवृत्तीनंतर पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतलेला असतो. नाशिकमध्ये नव्याने राहायला आलेल्या वाचणाऱ्या माणसांची तक्रार मात्र बहुतेकदा एकच असते. पावसावरचं काहीतरी वाचावंसं वाटतं ते धो धो पाऊस लागल्यावर, आणि त्या दिवशी वाचनालयात गेलं की नेमकं तेच पुस्तक दुसऱ्याच्या घरी असतं. फेब्रुवारीत कुसुमाग्रज मिळत नाहीत, श्रावणात पोथ्या मिळत नाहीत, आणि दिवाळी अंकांच्या योजनेची नोंदणी बंद झाल्यावर योजना होती हे कळतं.

उपाय सोपा आहे. ऋतूचं पुस्तक ऋतू लागण्याच्या महिनाभर आधी मागायचं. मी या शहरात बरीच वर्षं असंच वाचतोय. नवीन माणसाचे हेलपाटे वाचावेत म्हणून पायऱ्या लावून लिहितोय.

आधी जमवायच्या गोष्टी

- आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर इथला भाडेकरार किंवा वीजबिल सोबत ठेवा.
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो.
- अनामत आणि पहिल्या वर्गणीपुरते पैसे, शक्यतो रोख. दर वाचनालयागणिक वेगळे असतात, बदलतातही. फोन करून विचारून जा.
- काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस किंवा सही मागतात. सोसायटीत आधीच विचारून ठेवा, कोणी ना कोणी सभासद निघतोच.
- मराठी महिने, तिथ्या आणि जयंत्या असलेली भिंतीवरची दिनदर्शिका.
- एक वही. मोबाइलमधली यादी चालेल, पण देवघेवीच्या खिडकीपाशी उभं राहून वही उघडणं सोपं जातं.

१. पुस्तकांची यादी नंतर, दिनदर्शिका आधी

नवा वाचक बहुतेकदा 'वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं' छापाची यादी घेऊन बसतो. ती यादी बाजूला ठेवा. दिनदर्शिका उघडा आणि दोन रंगांच्या पेनांनी दोन प्रकारचे दिवस खुणावा.

पहिल्या रंगाने तिथीचे दिवस: पाडवा, आषाढाचा पहिला दिवस, आषाढी, श्रावणातले सोमवार-शुक्रवार, दिवाळी, दत्तजयंती, रंगपंचमी. दुसऱ्या रंगाने तारखेचे दिवस: ३ जानेवारी (सावित्रीबाई फुले जयंती), १४ ते २८ जानेवारी (मराठी भाषा संवर्धन पंधरवडा), २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन), ११ आणि १४ एप्रिल (फुले आणि आंबेडकर जयंती), २३ एप्रिल (जागतिक पुस्तक दिन), १ ऑगस्ट (अण्णा भाऊ साठे जयंती), १५ ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन), ६ डिसेंबर.

सगळे दिवस घेऊ नका. वर्षाला सात-आठ पुरे होतात. निवडलेल्या प्रत्येक दिवसाच्या बरोबर एक महिना आधीच्या चौकटीत लिहा: 'पुस्तक मागणे'. ही चौकट खऱ्या दिवसापेक्षा महत्त्वाची आहे.

एक खाचखळगा इथे आहे. तिथीचे दिवस दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुढे उडी घेतात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढी, श्रावण, गणपती, दिवाळी सगळंच उशिरा. गेल्या वर्षीची वही बघून मागणी नोंदवली तर पुस्तक हातात येऊन परत करायची वेळ होते आणि श्रावण अजून लांबच असतो.

२. वाचनालयाचं सभासदत्व

नाशिकमध्ये सुरुवात करायची तर सार्वजनिक वाचनालयापासून. लोक त्याला 'सावाना' म्हणतात. टिळक पथावर, शहराच्या मध्यवस्तीत. १८४० साली सुरू झालेली ही संस्था महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे. जुनं, छापून न मिळणारं पुस्तक हवं असेल तर आधी इथे विचारायचं. याशिवाय नाशिकरोड, सिडको, पंचवटी अशा भागांत लहानमोठी सार्वजनिक वाचनालयं आहेत आणि सरकारी जिल्हा ग्रंथालय वेगळं. माझा सल्ला असा की एक मोठं वाचनालय आणि एक घराजवळचं, अशी दोन सभासदत्वं घ्या. मध्यवस्तीत गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात घराजवळच्या वाचनालयातून पुस्तक बदलून होतं.

फॉर्म भरताना हे प्रश्न विचाराच:

- एका वेळी किती पुस्तकं, आणि मासिकं त्यात धरतात की वेगळी?
- पुस्तक किती दिवस ठेवता येतं, मुदत फोनवर वाढवून मिळते का?
- दुसऱ्याकडे गेलेल्या पुस्तकासाठी मागणी नोंदवता येते का?
- दिवाळी अंकांची योजना आहे का, नोंदणी कधी सुरू होते?
- साप्ताहिक सुट्टी कोणती, दुपारी बंद असतं का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण दुपारी एक ते चारच्या मधे शटरसमोर उभे असलेले चेहरे मी बरेच पाहिलेत.

अनामतीची पावती जपून ठेवा, शक्यतो तिचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा. एका वाचनालयात माझी पावती नव्हती म्हणून अनामत परत मिळवायला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि बऱ्याच फेऱ्या झाल्या. रक्कम रिक्षाभाड्याहून थोडीच जास्त असेल, तरी चिडचिड व्हायची ती झालीच.

३. कपाटाशी ओळख

काही वाचनालयांत मुक्तद्वार पद्धत असते, म्हणजे कपाटांपर्यंत स्वतः जाता येतं. काही ठिकाणी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, कर्मचारी आतून आणून देतात. दुसऱ्या पद्धतीत नवा माणूस अडकतो, कारण काय आहे तेच माहीत नसतं. अशा वेळी विषयवार नोंदवही किंवा संगणकावरची यादी मागा.

लेखक शोधताना टोपणनावं डोक्यात ठेवा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, पण कविता पहिल्या नावाखाली आणि नाटकं दुसऱ्या नावाखाली मिळतात. दोन कपाटांत, कधी दोन मजल्यांवर. गोविंदाग्रजांच्या कविता हव्या असतील आणि तुम्ही गडकऱ्यांच्या रांगेत शोधत बसलात तर हाती नाटकं लागतील. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचंही तेच. 'पुस्तक नाही' असं उत्तर मिळालं की दुसरं नाव सांगून पुन्हा विचारा.

आता एक युक्ती. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असते. संगणक आल्यापासून बऱ्याच ठिकाणी शिक्का मारणं बंद झालं, पण जुन्या चिठ्ठ्या तशाच आहेत. ती नीट वाचा. जांभळ्या शाईतले शिक्के, मधेच एखादी पेनाने लिहिलेली तारीख. 'मेघदूत'च्या एका भाषांतराच्या चिठ्ठीवर मला वर्षानुवर्षं जून-जुलैचेच शिक्के दिसले, मधे आठ-आठ, नऊ-नऊ महिने कोरे. म्हणजे ते पुस्तक मे महिन्यात कपाटात निवांत पडलेलं असतं. कोणत्या पुस्तकाला कधी गर्दी होते, याचा इतका चोख हिशेब ग्रंथपालही तोंडी सांगू शकत नाही.

४. चैत्र ते ज्येष्ठ: उन्हाळा

पाडव्याला सुरुवात करायला दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं आहे. ते सलग वाचून संपवू नका, महिन्याला एक प्रकरण या चालीने चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख. अडचण अशी की वाचनालयाचं पुस्तक वर्षभर घरी ठेवता येत नाही. म्हणून हे एक पुस्तक विकतच घ्यावं असं माझं मत आहे. गोविंदनगर असो की मखमलाबाद, तुमच्या खिडकीबाहेर एखादा बहावा, पळस किंवा कडुनिंब असतोच. बाईंनी त्या झाडाबद्दल काय म्हटलंय ते वाचून मग झाड बघायचं.

एप्रिल हा फुले-आंबेडकर वाचनाचा महिना आणि नाशिककरासाठी तो घरचा विषय आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी इथे सुरू झाला. दादासाहेब गायकवाड इथलेच, बाबूराव बागूल नाशिकचे, आणि लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह मार्चमध्येच आणून ठेवा. जयंतीच्या आठवड्यात तो सापडत नाही. पहिल्या दोन कथा वाचून थांबावंसं वाटेल, थांबायला हरकत नाही. पंचवटीत जाऊन मंदिराचा तो दरवाजा पाहून या आणि पुढच्या कथा वाचा. वामनदादांची गाणी मात्र नुसती वाचण्यापेक्षा ऐकलेली बरी.

मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तिने शंभरी ओलांडली आहे. संध्याकाळी, उघड्यावर, फुकट. विषयांचं पत्रक निघालं की त्यातले दोन-तीन विषय निवडा आणि वक्त्याचं किंवा विषयावरचं एकेक पुस्तक आधी मिळवा. 'विषयवार वाचायचं म्हणजे विषय कुठून आणू' असं विचारणाऱ्यांना मी हेच पत्रक दाखवतो. घाटाच्या पायऱ्या दिवसभर तापलेल्या असतात, बसायला काहीतरी घेऊन जा.

मुलांना सुट्टी असते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. आपल्या लहानपणीचा अंक शोधायच्या नादात मोठी माणसंच तिथे अडकतात.

घरात मोठ्याने वाचायची सवय लावायची असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुट्टीत काढा. बाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि वडिलांच्या सोवळ्याचे किस्से असे आहेत की ऐकणारा हसू आवरू शकत नाही.

५. आषाढ-श्रावण

हा वर्षातला सगळ्यात भरगच्च काळ, म्हणून जरा सविस्तर.

संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास निघते आणि नाशिक शहरातून सिन्नरकडे जाते. बहुतेक नवी माणसं त्या दिवशी 'आज ट्रॅफिक का आहे' एवढंच विचारतात. पालखी शहरात येण्याआधी दि. बा. मोकाशींचं 'पालखी' मिळवा. ते ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबरच्या प्रवासाचं आहे, पण वारीत चालणं म्हणजे काय हे नवख्याला त्यातून नेमकं कळतं. भाविकाच्या नजरेतून नाही, शंका घेणाऱ्या माणसाच्या नजरेतून. सोबत इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख. तो 'परिपूर्ती' या संग्रहात आहे. लेखाच्या नावाने विचारलंत तर कोणालाच सापडणार नाही, संग्रहाचं नाव सांगा. गाथा आणि हरिपाठ स्वस्तात कुठेही मिळतात. रोज एक अभंग, एवढंच ठेवा. गाथा पहिल्या पानापासून सलग वाचायला घेणारे आषाढीच्या आधीच थकतात.

आषाढाचा पहिला दिवस कालिदासाचा. नाशिकला तर नाट्यगृहाचं नावच महाकवी कालिदास कलामंदिर. 'मेघदूत'ची मराठी भाषांतरं अनेक आहेत, आणि कुसुमाग्रजांनी केलेलंही आहे. दोन भाषांतरं एकाच वेळी आणा आणि एकच श्लोक दोन्हींत वाचा. संस्कृत येत नसलं तरी मजा येते. मागणी मे महिन्यातच नोंदवायची, हे वर शिक्क्यांच्या चिठ्ठीत आलंच.

श्रावणासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि नवखे त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे कहाण्या. आटपाट नगर होतं, तिथे एक ब्राह्मण होता, त्याच्या दोन सुना होत्या… अशी सुरुवात आणि 'साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' असा शेवट. त्या छोट्या पुस्तिकेत वाराप्रमाणे लावलेल्या असतात: सोमवारची, मंगळागौरीची, शुक्रवारची. देवावर श्रद्धा असो-नसो, या कहाण्या मोठ्याने वाचून बघा. वाक्य किती आखूड ठेवावं, हे त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. माझ्या शेजारच्या काकू उपवास करत नाहीत, पण शुक्रवारची कहाणी चुकवत नाहीत.

दुसरी गोष्ट पोथी. श्रावणात शिवलीलामृत वाचतात, आणि ज्यांना पूर्ण जमत नाही ते अकरावा अध्याय तेवढा वाचतात. पोथी घेताना काय बघायचं?

- सुट्या पानांची की बांधलेली. सुटी पानं पाटावर ठेवून वाचायला बरी, पण घरात लहान मूल किंवा पंखा असेल तर बांधलेलीच घ्या.
- टाइप मोठा आहे का. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच वाचता येतं. दाराशी येऊन अर्ध्या उजेडात बघा.
- 'सार्थ' आहे का, म्हणजे ओवीखाली अर्थ आहे का. पहिल्यांदा वाचणाऱ्याने सार्थच घ्यावी. नुसत्या ओव्या चालीवर वाचून होतात, डोक्यात काही राहत नाही.
- अध्याय पूर्ण आहेत का. शेवटची पानं उलटून बघा.

पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास पोथ्यांची दुकानं आहेत, पण श्रावणी सोमवारी तिकडे जाऊ नका. त्र्यंबकला जाणारी गर्दी तिथूनच फुटते. आषाढातल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी जा, दुकानदार निवांत दाखवतो.

ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी सोडलं की अख्खं नाशिक विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या) कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला की डोक्यावरून? अशा आठवड्यात पंचवटीतल्या वाचनालयाचं पुस्तक परत करायची मुदत संपत असेल तर आधीच फोन करून वाढवून घ्या. पुलापाशी बघ्यांची गर्दी असते आणि रस्ते बंद होतात. घरात अडकलात तर वाचायला बालकवी आणि ना. धों. महानोर. पाऊस सगळेच कवी लिहितात, पण रानातला पाऊस महानोरांचा. खानदेश जवळ असल्यामुळे बहिणाबाईही याच दिवसांत घ्या. बागलाण-कळवणकडचा, अहिराणी बोलणारा एखादा सहकारी असेल तर त्याला मोठ्याने वाचायला सांगा. बहिणाबाईंची बोली नेमकी अहिराणी नाही, लेवा पाटीदारांची आहे, पण त्याचं कान-तोंड आपल्यापेक्षा तिच्या जवळचं असतं.

१ ऑगस्टसाठी अण्णा भाऊंची 'फकिरा' जुलैच्या सुरुवातीला.

६. भाद्रपद-आश्विन

गणपतीच्या दहा दिवसांत वाचन होत नाही, उगाच पुस्तकं आणून दंड भरू नका. पितृपक्ष मात्र वाचनाला फार चांगला. कार्यक्रम नसतात, लग्नं नसतात, वाचनालयं रिकामी असतात. जाडजूड पुस्तक राहून गेलं असेल तर ते पंधरा दिवस त्याला द्या. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळा-वाचनालयांत ग्रंथप्रदर्शनं लागतात. तिथे पुस्तक हाताळायला मिळतं, एवढ्यासाठी चक्कर टाका.

७. दिवाळी अंक

१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून हा फराळ सुरू आहे. बाहेरून आलेल्या माणसाला स्टॉलवरचा तो ढीग बघून घाम फुटतो. घाबरू नका, पण पाकीटही लगेच उघडू नका.

वाचनालयाची योजना. बरीच वाचनालयं दिवाळीच्या सुमारास वेगळी वर्गणी घेऊन पुढचे काही महिने दिवाळी अंक बदलून देतात. वर्गणी बहुधा दोन-तीन अंकांच्या किमतीच्या आसपास असते. नोंदणी दसऱ्याच्या आसपास विचारा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना तेच चार नावाजलेले अंक हवे असतात. तुम्ही आधी कमी मागणीचे घ्या. जानेवारीत नावाजलेले अंक कपाटात पडलेले असतात, कोणी बघत नाही.

काय निवडायचं. प्रकाराने निवडा. कथा-कविता-ललित हवं असेल तर 'मौज'च्या वळणाचे वाङ्मयीन अंक. सामाजिक-वैचारिक हवं तर 'साधना'. विनोद आणि ती प्रसिद्ध खिडकीचित्रं हवी तर 'आवाज'. रहस्यकथा हव्या तर 'धनंजय'. मुलांसाठी 'किशोर'. याशिवाय एखाद्याच विषयाला वाहिलेले अंक दर वर्षी निघतात: पर्यावरण, प्रवास, खाद्यसंस्कृती, आरोग्य, सिनेमा. ज्याला विषयवार वाचायचं आहे त्याच्यासाठी ते पुस्तकापेक्षा बरे, कारण एकाच विषयावर दहा-पंधरा लोक लिहितात आणि कोणाचं पुढे वाचायचं ते कळतं.

विकत घेताना. स्टॉलवर अंक हातात घ्या आणि सरळ अनुक्रमणिका उघडा. मुखपृष्ठावर नावं मोठमोठी असतात, आत त्या नावाचं दीड पान निघतं. मधलं कुठलंही पान उघडून दोन्ही बाजूंना जाहिरात आहे का बघा, असं चार ठिकाणी करा. चारही ठिकाणी बँक, बिल्डर आणि सराफ दिसले तर ठेवून द्या. मग शेवटची पानं उलटा. वार्षिक राशिभविष्याला वीस-पंचवीस पानं गेली असतील तर तुमची रास बघून घ्या आणि अंक परत ठेवा. दुकानदार रागावत नाहीत, नाशिकचे तरी नाहीत. निदान गर्दीच्या आधीच्या दिवसांत.

संच घेण्याचा मोह. विक्रेते पाच-सहा अंकांचा संच सवलतीत देतात, कधी भेटवस्तूही. हवे ते दोन आणि नको ते चार असा सौदा बहुधा होतो. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून प्रत्येकी दोन वेगळे अंक घेणं कधीही चांगलं. आठ अंक, फिरवायचे. आपल्या अंकावर नाव घालायला विसरू नका.

उशिरा घेणं. डिसेंबर-जानेवारीत उरलेले अंक निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमी दरात मिळतात. ललित आणि कथा शिळ्या होत नाहीत. राजकीय विश्लेषणाचे अंक मात्र ताजेच घ्या.

आणि वाचल्यावर अंक रद्दीत देण्याआधी आवडलेल्या लेखांच्या पानांना चिठ्ठ्या लावा, लेखकाचं नाव आणि विषय वहीत उतरवा. पुढच्या वर्षीची निम्मी यादी इथूनच तयार होते. माझ्या वहीत उन्हाळ्यातलं वाचन बहुतेक आदल्या दिवाळीतून आलेलं असतं.

८. मार्गशीर्ष ते माघ: थंडी

निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मारुती चितमपल्ली काढायचे. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यातच आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झालं आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. 'पक्षी जाय दिगंतरा' आधी वाचा, मग पहाटे तिकडे जा. उलट केलंत तर सगळी बदकं सारखीच दिसतील.

दत्तजयंतीच्या आधी घरोघर गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. कोणाकडे बोलावलं तर जा. वाचन ऐकण्याची ही जुनी तऱ्हा आहे, पण तिचे नियम कडक असतात. काय चालतं, काय नाही ते यजमानांना आधी विचारा. ६ डिसेंबर आणि ३ जानेवारीसाठी नोव्हेंबरात मागणी. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' १८५४ चा आहे, कविता छोट्या आहेत आणि एका बैठकीत होतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गर्दी सोसत असेल तर हरिपाठ खिशात घालून जा.

हिवाळ्यात बहुधा जिल्ह्याचा सरकारी ग्रंथोत्सवही असतो. ग्रंथदिंडी, परिसंवाद आणि पुस्तकांचे स्टॉल. सरकारी प्रकाशनं तिथे फार स्वस्त मिळतात.

९. फेब्रुवारी

नाशिकमध्ये राहून फेब्रुवारीत दोन गोष्टी वाचायच्याच.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात, १३ तारखेच्या पहाटे शेवट. पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे, ४२ रात्री. ९ तारखेपासून रोज एक रात्र वाचली तर २२ मार्चच्या आसपास संपतं. लहानपणी वाचलेलं असेल तरी पुन्हा वाचा. आपण मोठे झाल्यावर श्यामपेक्षा आईचंच वय जवळचं वाटतं.

दुसरे अर्थात कुसुमाग्रज. २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून मराठी भाषा गौरव दिन. त्या आठवड्यात 'विशाखा' कोणत्याही वाचनालयात मिळणार नाही. जानेवारीत आणा, वाचा आणि २० फेब्रुवारीच्या आत परत करा, दुसऱ्याला मिळू दे. टिळकवाडीतलं त्यांचं निवासस्थान आणि गंगापूर रोडचं स्मारक बघायचं असेल तर त्याच दिवशी न जाता आधी किंवा नंतर जा. त्या दिवशी भाषणं असतात, घर नीट बघता येत नाही.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाने भरलेले जुने हौद, खुल्या होतात, तेव्हा पुस्तक घेऊन बाहेर पडू नका एवढंच. वाचनालयाचं तर मुळीच नाही.

१०. फुकट आणि कायदेशीर

मराठी विकिस्रोत, राज्य मराठी विकास संस्था, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवर बरीच पुस्तकं मोफत आहेत. कुठलं पुस्तक मोकळं झालंय हे ओळखायला नियम सोपा आहे: लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून मुक्त आहेत. इरावतीबाई १९७० साली गेल्या, म्हणून त्यांची अजून नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ बहुतेक चोरीच्या असतात, शिवाय मधली पानं गायब, ओळी तिरक्या. नेमकं ज्या पानासाठी पुस्तक काढलं तेच पान नसतं.

११. गट जमवायचा असेल तर

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम नाशिकमधूनच सुरू झाला. शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे येते, काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे जाते. सोसायटी, कंपनी, महिला मंडळ, कोणीही गट करू शकतो. पेटी सांभाळणारा एक जबाबदार माणूस मात्र लागतो, आणि तो कोण हे पेटी येण्याआधी ठरवा. पेटी आली की आधी सगळी पुस्तकं बाहेर काढून ऋतूप्रमाणे वेगळी करा. पावसाळ्याच्या कविता पावसाळ्यात कोणाकडे जाणार ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं, नाहीतर पेटीतल्या सगळ्या कादंबऱ्या पहिल्या आठवड्यात पळतात आणि बाकीचं तसंच परत जातं.

बदली होऊन नाशिक सोडायची वेळ आली तर वाचनालयांना महिनाभर आधी लेखी कळवा. अनामतीचा परतावा बहुधा ठरावीक दिवशीच देतात, आणि दिवाळी अंकांची योजना चालू असेल तर हातातला शेवटचा अंक दिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.